दूध संकलन केंद्राची स्क्रीन: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून काम सुरू. कागल तालुक्यातल्या एका गावची दूध संस्था आहे, सभासद दोनशेच्या आसपास, म्हैस आणि गाय दोन्हीचं संकलन, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. त्यांना संकलनाचं नवीन सॉफ्टवेअर पाहिजे. आतलं कोडिंग आमचा पुण्यातला डेव्हलपर बघतोय, आणि स्क्रीन, पावती, बाहेरचा डिस्प्ले म्हणजे माणसाच्या डोळ्याला आणि हाताला जे जे लागतं ते सगळं माझ्याकडे.

पहिल्याच मीटिंगला एका संचालकांनी विचारलं, डिझाईन कधी दाखवताय, रंग कुठला घेणार. मी म्हटलं साहेब, आधी मला दोन्ही पाळ्यांना काउंटरच्या आत उभं राहू द्या, मग रंगाचं बघू. तयार झाले लगेच, सचिव तर म्हणाले आजवर सॉफ्टवेअरवालं कुणी पहाटे आलंच नाही हिकडं.

पद्धत आजच लिहून ठेवतो म्हणजे पुढे घाईगडबडीत मधली पायरी गाळायला कुणाला सवड नको. आधी बघायचं, मग काम काय आहे ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं, मग कागदावर काढायचं, मग वापरणाऱ्याच्या हातात देऊन आपण गप्प बसायचं, मग बदलायचं आणि परत त्याच्याच हातात द्यायचं. ही काही नवीन गोष्ट नाही, आयबीएममधल्या गूल्ड आणि लुईस यांनी १९८५ मध्येच हे मांडून ठेवलंय की वापरणाऱ्याकडे आणि त्याच्या कामाकडे सुरुवातीपासून बघा, अंदाज न करता मोजा, आणि सुधारत रहा. आयएसओ ९२४१-२१० हे आंतरराष्ट्रीय मानक पण फिरून तेच सांगतं, पहिली आवृत्ती २०१० ची, सुधारित २०१९ ची. माझी त्यात एकच अट, स्क्रीन कितीही किरकोळ असू दे, पासवर्ड बदलायची का असेना, ती ह्याच सगळ्या पायऱ्यांतून जाणार. कारण मी बघितलंय की मोठ्या स्क्रीनवर सगळे डोकं लावतात आणि गोंधळ शिरतो तो कुणीतरी संध्याकाळी घाईत उरकलेल्या बारक्या स्क्रीनमधून.

८ जानेवारी, बुधवार

पहाटे साडेपाचला केंद्रावर. बाहेर अंधार, थंडी चांगलीच, आणि लाईन आधीच लागलेली. आज फक्त बघायचं ठरवलं होतं, एक वही आणि पेन, लॅपटॉप गाडीतच ठेवला.

जे दिसलं ते क्रमाने लिहितो. बाई किंवा माणूस पुढे येतो, नाव कुणी सांगत नाही, कोड सांगतात, "एकशे सत्तेचाळीस, म्हैस". माप घेणारा पोरगा किटली काट्यावरच्या भांड्यात ओततो, लिटर दिसतात. टेस्टर त्यातलं थोडं दूध बाटलीत घेतो, नळीखाली धरतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) काढायला लागतं. ह्याला मिनिटभर तरी जातोच. आणि आता खरी गोष्ट, त्या मिनिटात कुणी थांबत नाही! पुढच्याचं दूध काट्यावर ओतलेलं असतं, कधीकधी तिसऱ्याचंही. म्हणजे एका वेळेला दोन-तीन सभासद अर्धवट असतात, एकाचे लिटर झालेत पण फॅट यायचीय, दुसऱ्याचं आत्ता माप चाललंय.

आणि आधीच्या सॉफ्टवेअरला एका वेळेला एकच माणूस कळतो. कोड टाका, लिटर टाका, फॅट टाका, सेव्ह करा, मग पुढचा. म्हणून टेस्टरने काय केलंय तर शेजारी एक वही ठेवलीय, त्यात कोड आणि लिटर पेनने लिहितो, फॅट आली की त्याच्यापुढे लिहितो आणि मधे सवड मिळेल तसं चार-पाच जणांचं एकदम कॉम्प्युटरवर चढवतो. म्हणजे खरं सॉफ्टवेअर ती वही आहे, आणि कॉम्प्युटर म्हणजे वहीची नक्कल करायचं जादाचं काम. मी बराच वेळ ती वहीच बघत होतो. चार रकाने, ज्यांची फॅट यायचीय त्यांच्यापुढे मोकळी जागा, एका नजरेत कळतं कोण राहिलंय. आपल्याला बनवायचंय ते हेच.

बाकी बारीकसारीक: टेस्टरच्या डाव्या हातात कायम बाटली, उजवा हात ओला, कीबोर्डवर प्लास्टिक घातलेलं, आणि तो फक्त उजवीकडचा आकड्यांचा भाग वापरतो, अक्षरांना हात लावत नाही. माऊस फक्त एकाच कामाला लागतो, गाय का म्हैस निवडायला, आणि त्यासाठी दर वेळेला हात पुसायला लागतो. मॉनिटर जुना, १३६६ बाय ७६८ चा, भिंतीवर ट्यूबलाईट, तिची चमक काचेवर, आणि आधीच्या सॉफ्टवेअरमधली फिकट करडी अक्षरं त्या चमकेत गायब होतात. सचिव पन्नाशीच्या पुढचे, चष्मा वर करून पुढे वाकून वाचतात.

लाईनमधला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "किती लागली?" आणि टेस्टर दर वेळेला तोंडाने फॅट सांगतो. दोनशे वेळा.

१० जानेवारी, शुक्रवार

काम लिहून काढलं, टेस्टरच्या शब्दांत, आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने एक वाक्य जोडलं: "लाईट गेली तर कुठंपर्यंत चढलंय ते कळलं पायजे." ते तसंच्या तसं पहिल्या क्रमांकावर घेतलं.

मग माऊसचा हिशोब केला. कार्ड, मोरान आणि नेवेल यांची १९८० ची एक साधी पद्धत आहे, कामाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला ठरलेला वेळ लावायचा. हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद, निशाणा साधायला १.१, क्लिकला ०.२. गाय-म्हैस निवडायला हात माऊसवर, यादी उघडायची, यादीतून निवडायचं, हात परत कीबोर्डवर, सगळं मिळून ३.४ सेकंद. एका माणसाला काहीच नाही वाटत. पण दोनशे नोंदी धरल्या तर ६८० सेकंद, म्हणजे एका पाळीत अकरा मिनिटं नुसती ह्या एका यादीपायी, आणि त्यात हात पुसायचा वेळ धरलेलाच नाही. हा आकडा मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहून डेव्हलपरला पाठवला कारण त्याचं म्हणणं होतं ड्रॉपडाऊन ठेवू, सगळ्या फॉर्मवर तोच आहे. सारखेपणा पाहिजेच, पण तो कामाच्या बाजूने पाहिजे, आपल्या सोयीच्या बाजूने नको.

११ जानेवारी, शनिवार

१ ते १० चं बिल आज. मुद्दाम आलो कारण उत्पादकाचा आणि सॉफ्टवेअरचा खरा सामना बिलाच्या दिवशी होतो.

एक आजोबा दहा दिवसांच्या पावत्या तारेत ओवून घेऊन आले होते, बाकावर बसून एकेक पावती काढून रक्कम जोडत होते. काही पावत्या उडालेल्या, थर्मल कागद चुलीजवळ नाहीतर उन्हात राहिला की जातोच. त्यांची बेरीज आणि बिल जुळलं पण कपातीपाशी अडलं, बिलावर नुसतं "इतर कपात" आणि एक रक्कम. सचिवांनी रजिस्टर काढून दाखवलं की पेंडीचं पोतं नेलं होतं त्याचे आहेत, तारीख पण सापडली, वाद काही नव्हता, पण त्यात बराच वेळ गेला आणि मागे लाईन थांबली. नवीन बिलावर प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत, कशाची आणि कुठल्या तारखेची ते लिहून. "इतर" हा शब्दच काढून टाकायचा.

एका मावशींना विचारलं, मोबाईलवर रोजची फॅट आली तर चालेल का. म्हणाल्या, "आमच्यात मोबाईल पोराकडं असतोय बाळा, त्यो जातोय एमआयडीसीत. मला चिठ्ठी दिली की झालं." दूध घालायला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका दिसतात, आणि त्यांच्यासाठी आपलं सॉफ्टवेअर म्हणजे ती दोन इंची चिठ्ठी. ॲपचा विषय संचालकांनी काढलाय, तो नंतर बघू, आधी चिठ्ठी.

१६ जानेवारी, गुरुवार

बटणांचे नियम पक्के केले. सगळं काम आकड्यांच्या भागातूनच झालं पाहिजे. त्या भागात दोन बटणं उंचीला डबल असतात, एन्टर आणि अधिक. १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की निशाणा जितका मोठा आणि जवळ तितका हात लवकर पोचतो, मग ओल्या हाताने न बघता दाबायची जी दोन सगळ्यात जास्त लागणारी कामं ती ह्याच दोन बटणांवर. एन्टर म्हणजे पुढे. अधिक म्हणजे गाय-म्हैस बदल. वजा म्हणजे एक पायरी मागे, आणि मागे जाताना काहीही पुसलं जाणार नाही. गुणिले म्हणजे शेवटची पावती परत. एवढंच. आणि हे प्रत्येक स्क्रीनवर तसंच, संकलन असो, पशुखाद्य असो, बिल असो. गाय-म्हशीचा जिथे संबंध नाही तिथे अधिकचं बटण काहीच करणार नाही, दुसरं काम त्याला द्यायचं नाही.

आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका स्क्रीनवर एन्टरने सेव्ह, दुसऱ्यावर एफ-टू ने, आणि एस्केप दाबलं की कुठे मागे जातं तर कुठे न विचारता बंद होतं. टेस्टरने एफ-टू वर लाल टिकली चिकटवून ठेवलीय, आठवण रहावी म्हणून. ती टिकली मी फोटो काढून प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर लावली.

नावांची यादी पण केली, एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव: सभासद, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, कपात, उचल, खाडा. लोक बोलतात तेच शब्द.

२१ जानेवारी, मंगळवार

कागदी स्क्रीन घेऊन दुपारी टेस्टरकडे, पाळी संपल्यावर. ए-थ्री कागदावर स्क्रीन, बदलणारे भाग चिकट चिठ्ठ्यांवर, त्याने टेबलावर ठेवलेल्या खऱ्या कीबोर्डवर बटणं दाबायची आणि मी चिठ्ठ्या हलवायच्या.

वहीसारखी यादी केलीय. वरच्या पट्टीत आत्ता काट्यावर कोण आहे, खाली ज्यांची फॅट यायचीय ते ओळीने, आणि त्याखाली झालेले. मशीनमधून आकडा आला की यादीतल्या सगळ्यात जुन्याला लागणार. टेस्टरने लगेच विचारलं, "आन बाटल्या खालीवर झाल्या तर?" म्हणजे कधीतरी दुसऱ्या नंबरची बाटली आधी लावली जाते. मी विचारलं अशा वेळी वहीत काय करता, तर म्हणाला बाटलीवर कोड लिहिलेला असतो, त्या ओळीत लिहितो. मग तिथेच ठरलं, कोड दाबला की ती ओळ वर येते आणि येणारी फॅट तिला लागते. वेगळं बटण नाही, वेगळी खिडकी नाही, कोड टाकायचा एवढंच, जे तो तसंही दिवसभर करतो. यादीतली कुठली ओळ आता फॅट घेणार ते जाड काळ्या चौकटीत दाखवायचं, म्हणजे लाईनमधल्यालाही दिसेल.

हे पुण्यात बसून सुचलं नसतं.

२७ जानेवारी, सोमवार

अक्षर आणि आकडे.

देवनागरीला ओळींमधली जागा जास्त लागते, वर वेलांटी-मात्रा-अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचं पाय मोडकं अक्षर, इंग्रजी फॉर्मचं मोजमाप तसंच उचललं की "तूप" चा ऊकार खालच्या ओळीत घुसतो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीच्या वर ठेवलीय. फॉन्ट "मुक्त" नावाचा, मुंबईच्या "एक टाईप" ह्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मोफत आहे आणि बारीक मापातही जोडाक्षरं सुटी दिसतात. भाषेची खूण मराठी अशी घातलीच पाहिजे हे डेव्हलपरला सांगितलं, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये ल आणि श ची मराठी वळणं आहेत तिथे ती येतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. लांब नावं कापताना मधेच जोडाक्षर तुटून लोंबकळता पाय मोडलेला दिसतो, म्हणून नाव कापायचंच नाही, दोन ओळीत जाऊ दे. अक्षर आणि त्याच्या मागचा रंग ह्यांच्यातला उजेडाचा फरक निदान ४.५ ला १ हवा असं वेबच्या नियमांत आहे, इथे ट्यूबलाईटची चमक आहे म्हणून शुद्ध पांढऱ्यावर जवळजवळ काळं, फिकट करडं कुठेच नाही. म्हैस आणि गाय फक्त रंगाने वेगळी करायची नाहीत, लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं असतातच. म्हशीची ओळ गडद पट्टीची आणि "म" मोठा, गाईची पांढरी आणि "गा" मोठा.

आकड्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच पाहिजे होता, कारण इथे आकडा म्हणजे पैसा. काट्यावर आणि मशीनवर आकडे इंग्रजी वळणाचे येतात. आधीच्या पावतीवर कोड मराठी आकड्यांत आणि फॅट इंग्रजीत, सरमिसळ. आता बारीक ठशात मराठी चार बघा, इंग्रजी आठसारखा दिसतो. मराठी एक इंग्रजी नऊसारखा. एकाच चिठ्ठीवर दोन्ही असले की चारचा आठ वाचला जाणं अगदी सहज आहे, आणि ४.८ फॅट आणि ८.८ फॅट ह्यात किती पैशाचा फरक आहे ते इथल्या कुणालाही विचारा. मला स्वतःला मराठी आकडे पाहिजे होते, मनापासून. पण यंत्रावर जे दिसतं आणि चिठ्ठीवर जे छापून येतं ते डोळ्याने जुळवता आलं पाहिजे, तो उत्पादकाचा हक्क आहे. काटा आणि मशीन आपल्या हातात नाहीत. म्हणून सगळीकडे इंग्रजी वळणाचे आकडे, सरमिसळ कुठेही नाही. शब्द सगळे मराठी. मावशींना आणि आजोबांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या, दोघांनीही मशीनवरचे आकडे रोज बघून वाचतो असं सांगितलं, तेव्हा पक्कं केलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

चिठ्ठी. कागद ५८ मिलिमीटर, छपाई होते ४८ मिलिमीटरवर, म्हणजे आडवे ३८४ ठिपके, त्याच्या पलीकडे काही नाही. ह्या छोट्या प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो, म्हणून अख्खी चिठ्ठी चित्र म्हणून पाठवायला लागते. थोडी हळू छापते पण अक्षर आपल्या मनासारखं मिळतं.

सगळ्यात मोठ्या अक्षरात फॅट, कारण पहिला प्रश्न तोच. त्याच्या खाली लिटर, एसएनएफ. मग एक ओळ अशी: लिटर गुणिले दर बरोबर रक्कम. आधीच्या चिठ्ठीवर दर नव्हता, नुसती रक्कम. दर छापला की हिशोब कुणालाही बोटावर करता येतो आणि सचिवांनाही ते पटलं, म्हणाले विचारायला येणारी माणसं कमी होतील. तारीख आणि पाळी वर, कोड आणि नाव त्याखाली. संस्थेचं बोधचिन्ह एका संचालकांना मोठं पाहिजे होतं, ते खाली बारीक घेतलं. त्यांना चिठ्ठी हातभर लांब धरून वाचायला दिली, दोन्ही नमुने, आणि मग त्यांनीच सांगितलं फॅट मोठी असू दे.

१० फेब्रुवारी, सोमवार

चुकलेल्या आकड्याचं काय करायचं.

मशीनची केबल निघाली तर फॅट हाताने टाकायला लागते. दशांश चिन्ह टाकायचंच नाही, शेवटचा आकडा नेहमी दशांश. ६२ दाबलं की ६.२, १०२ दाबलं की १०.२, सहा पाहिजे असेल तर ६०. नुसतं ६ दाबलं तर ०.६ होतं आणि ते कुठल्याच जनावराचं नसतं, तिथे स्क्रीन विचारते. हेच लिटरलाही, हेच एसएनएफला.

शंका कधी घ्यायची हा प्रश्न मोठा. शासकीय दराचा पाया म्हशीला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, गाईला ३.५ आणि ८.५, पण तेवढ्यावरून एखाद्याची फॅट चूक ठरवता येत नाही, कुणाची म्हैस व्याल्यावर काय देते आणि आटत आल्यावर काय देते ह्यात फार अंतर असतं. म्हणून प्रत्येक सभासदाची तुलना त्याच्याच मागच्या दहा दिवसांशी. फार फरक दिसला तर ओळीवर जाड पट्टी आणि शेजारी कालचा आकडा, बस. थांबवायचं नाही. गाईच्या कोडवर अचानक ६.८ आली तर बहुतेक वेळा म्हशीचं दूध गाईच्या ओळीत पडलेलं असतं, कालचा आकडा बघून टेस्टरला ते लगेच कळतं आणि अधिक दाबला की दुरुस्त.

"तुमची खात्री आहे का" अशी खिडकी एकही ठेवलेली नाही. दोनशे लोकांच्या लाईनमध्ये माणूस ती वाचत नाही, एन्टर मारून पुढे जातो, आणि मग ज्या दिवशी खरंच वाचायला पाहिजे त्या दिवशीही एन्टरच मारतो. त्यापेक्षा सगळं मागे घेता आलं पाहिजे. पण चिठ्ठी छापून गेल्यावर बदल केला तर नवीन चिठ्ठीवर "दुरुस्त" असं छापणार आणि जुना आकडाही दिसणार. सचिवांच्या रजिस्टरमध्ये कुणी, कधी, काय बदललं ते राहणार. ह्यावर मी अडून बसलो आणि अडून बसणारच. लपून बदलता येणारा आकडा असलेली स्क्रीन कितीही देखणी असली तरी मी ती करून देणार नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चालता नमुना तयार, आज वापरून बघायला दिला. स्क्रीन वापरायला सोपी कशी करायची ह्यातले तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं २००० सालचं म्हणणं प्रसिद्ध आहे की पाच माणसांकडून बहुतेक अडचणी सापडतात, पण ते एकाच प्रकारच्या माणसांबद्दल आहे, आणि आपल्याकडे टेस्टर, सचिव आणि उत्पादक असे तीन वेगळे प्रकार आहेत. म्हणून शेजारच्या गावच्या केंद्रावरचे टेस्टर पण बोलावले, त्यांनी ही स्क्रीन कधीच बघितलेली नाही.

सगळ्यात उपयोगी गोष्ट बाहेरच्या टेस्टरकडून कळली. त्याने लिटर टाकून एन्टर मारलं आणि थांबला. स्क्रीनकडे बघत राहिला. मी काही बोललो नाही. मग त्याने परत एन्टर मारलं. नोंद यादीत गेली होती, पण त्याची नजर वरच्या पट्टीवर आणि यादी खाली, त्यामुळे चढलं का नाही हे त्याला कळलंच नाही. नील्सन यांच्या १९९४ च्या दहा निकषांत पहिलाच निकष हा, आत काय चाललंय ते माणसाला दिसलं पाहिजे. आता नोंद वरून खाली सरकताना दिसते आणि एक बारीक टिक असा आवाज होतो. काट्याकडे तोंड असलं तरी ऐकू येतं. दुसऱ्या फेरीत त्यालाच परत दिलं, थांबला नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बाहेरचा डिस्प्ले. लाईनमधला पहिला माणूस दोन मीटरवर असतो, त्या अंतरावरून आरामात वाचायला आकडा निदान १२ मिलिमीटर उंच लागतो, आम्ही त्याच्या कितीतरी पट घेतलाय कारण तिसरा-चौथा माणूसही वाचतोच आणि त्यालाही हक्क आहे. फक्त कोड, लिटर, फॅट. नाव नाही आणि रक्कम तर नाहीच, कुणाचं किती झालं ते गावभर कशाला.

११ मार्च, मंगळवार

१ ते १० दोन्ही सॉफ्टवेअर समांतर चालवली, फक्त संध्याकाळच्या पाळीला, तेव्हा लाईन कमी असते. आज बिलं जुळवली. काही बिलांत पैशांचा फरक आला. शोधलं तर आधीचं सॉफ्टवेअर रोजच्या रकमेचे सगळे दशांश ठेवून शेवटी एकदाच रक्कम जवळच्या पैशाला आणतं, आमचं रोजच्या रोज आणतं. डेव्हलपर म्हणाला गणिताने आधीचंच जास्त अचूक आहे. असेल. पण ते आजोबा तारेतल्या पावत्या काढून बेरीज करतात, आणि छापलेल्या पावत्यांची बेरीज आणि बिल एका पैशानेही वेगळं येता कामा नये. रोजचीच ठेवली. सचिवांनी संचालक मंडळाच्या सभेत तसा ठराव करून घेतला, ते बरं झालं.

२० मार्च, गुरुवार

मागणी आलीय की पहिल्या स्क्रीनवर रंगीत आलेख पाहिजेत, महिन्याचं संकलन, मागच्या वर्षीशी तुलना वगैरे. मी विचारलं हे कोण बघणार आणि कधी. उत्तर आलं, संचालक, मासिक सभेत. मग ते मासिक सभेच्या कागदावर द्यायला पाहिजे, पहाटे साडेपाचला टेस्टरच्या डोळ्यांपुढे नको. सभेसाठी एक पानाचा अहवाल करतोय, त्यासाठी पण आधी एका सभेत बसून बघणार की कुठल्या आकड्यावर चर्चा होते. पायऱ्या त्याच.

१ एप्रिल, मंगळवार

नवीन आर्थिक वर्ष, आजपासून दोन्ही पाळ्या नवीन सॉफ्टवेअरवर. सकाळची पाळी नेहमीच्या वेळेच्या आधी संपली. टेस्टरने वही शेजारी ठेवलीय आणि मी ती काढायला सांगितलेलं नाही, त्याचा विश्वास बसला की तोच ती बाजूला ठेवेल, नाहीतर नाही ठेवणार, त्याची मर्जी.

३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी मधेच लाईट गेली, इन्व्हर्टरची बॅटरी पण उतरलेली. आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला तर यादी जशीच्या तशी, ज्यांची फॅट यायची होती ते तिथेच उभे, जाड चौकट योग्य ओळीवर. टेस्टरने वही उघडून एकेक ओळ लावून बघितली, सगळं जुळलं. बाहेर एका दादांनी "आमचं गेलं का काय" म्हणून विचारलं, टेस्टरने डिस्प्लेकडे बोट दाखवलं.

राहिलेली कामं: दरपत्रक बदलायची स्क्रीन. दर बदलला की मधल्या कुठल्या पाळीपासून लागू करायचा हे आत्ता सचिव फोनवर विचारून करतात. ०.१ फॅटच्या प्रत्येक पायरीला वेगळा दर आणि एसएनएफच्या प्रत्येक पायरीला वेगळा, मिळून तक्ता फार मोठा होतो आणि हाताने भरताना एक घर चुकलं तर कितीतरी चिठ्ठ्या चुकतात. ती स्क्रीन सचिव महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच उघडणार, त्यामुळे बटणं तीच पण मांडणी सावकाश वाचता येईल अशी पाहिजे. पुढच्या वेळी दरपत्रक येईल तेव्हा सचिवांनी फोन करायचं कबूल केलंय. त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून बघायचं, मग कागद.